फेकल्याबरोबर ट्रेनर नाक वर करून डावीकडे कोसळतं: काय चुकतंय?

नवा_पायलट

नमस्कार मंडळी. फोमचं हाय-विंग ट्रेनर (पंख वर असलेलं, शिकाऊंसाठीचं रिमोटवरचं विमान) जोडलंय. विंगस्पॅन ११०० मिमी, पंखाची रुंदी सगळीकडे सारखी म्हणजे १८० मिमी, बॅटरीसकट वजन ७८० ग्रॅम. ए२२१२ १००० केव्हीची मोटर, १०×४.५ चा प्रॉप (प्रॉपेलर), ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ३एस म्हणजे तीन सेलची २२०० एमएएच लायपो बॅटरी (१८० ग्रॅम), ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), फ्लायस्काय आय६ रिमोट, मोड २ (थ्रॉटल डाव्या स्टिकवर).

दोनदा हाताने फेकून पाहिलं. दोन्ही वेळा फुल थ्रॉटल होता. सुटल्यावर नाक झपकन वर, मग वेग संपतो, डावा पंख खाली जातो आणि जमीन. नाकाला तडा गेलाय, एक प्रॉप तुटलाय. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) सरळ रेषेत आहे, ट्रिम (रिमोटवरची बारीक दुरुस्ती) शून्यावर. जायरो (विमान आपोआप सावरणारं उपकरण) लावला तर हे थांबेल का? आणि पुण्याच्या आसपास हे उडवायला परवानगी लागते का?

माळरान

जायरोचं नंतर पाहू. आधी सीजी (गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोलतं ती जागा) किती आहे ते सांगा, कारण तुम्ही सांगितलेली लक्षणं शेपूट जड असल्याची आहेत.

मोजायची पद्धत: बॅटरी, प्रॉप, सगळं जागेवर बसवा. पंखाच्या खालून, पुढच्या कडेपासून ५० मिमीवर दोन्ही बाजूंना पेनाने खूण करा. त्या खुणांवर दोन्ही तर्जन्या टेकवून विमान उचला, खोलीतला पंखा बंद करून. विमान आडवं राहिलं किंवा नाक जरासं खाली झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर बोटं मागे सरकवत न्या आणि ते कुठे तोलतं ते मोजा.

सपाट आयताकृती पंखाला रुंदीच्या २५ ते ३० टक्के ही सुरक्षित जागा. तुमच्या १८० मिमीला ती ४५ ते ५४ मिमी येते. पहिल्या उड्डाणाला ४८ धरा. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, पण उडतं. शेपूट जड असलेलं विमान एलिव्हेटरला जरा हात लागला की उसळतं, आणि ती उसळी नवशिक्याच्या हाताला वेळेत आवरत नाही.

दुसरी गोष्ट फेकण्याची. या वजनाला आणि पंखाला हवेत टिकायला ताशी साधारण २८ किमी वेग लागतो. वर तोंड करून फेकलं की तो वेग कधी मिळतच नाही. वाऱ्याच्या तोंडावर उभं राहा, थ्रॉटल पाऊण, आणि भालाफेकीसारखं सरळ, क्षितिजाला समांतर ढकला. मनगट फिरवायचं नाही. शक्यतो दुसऱ्याला फेकायला सांगा, म्हणजे तुमचे दोन्ही अंगठे स्टिकवर राहतील.

डावीकडे का वळतं? मागून पाहिलं तर प्रॉप घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे लोळवते. वेग असेल तर एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) ते सहज सावरतं. तुमच्याकडे फुल थ्रॉटल होता आणि वेग नव्हता.

नवा_पायलट

मोजलं. ७५ मिमीवर तोलतंय! बॅटरी पंखाच्या खाली ठेवली होती, कारण झाकण तिथेच आहे. आता नाकात वजन घालू का?

फोमपंख

नको. हिशेब बघा. सीजी ७५ वरून ५० वर, म्हणजे २५ मिमी पुढे आणायचाय. एकूण ७८० ग्रॅम, त्यातली बॅटरी १८०. बॅटरी जितकी सरकेल त्याच्या साधारण २३ टक्के सीजी सरकतो. म्हणून बॅटरी सुमारे ११ सेमी पुढे न्यावी लागेल. पुढच्या फोममध्ये जागा कोरा, फायरवॉलपर्यंत (नाकात मोटर बसवायची फळी) पोचली तरी चालेल. तोच बदल नव्या सीजीपासून २० सेमी पुढे नाकात शिसं ठेवून करायचा म्हटलं तर जवळपास १०० ग्रॅम लागेल. तेवढं मेलेलं वजन उचलत फिरण्यात काही अर्थ नाही. ११ सेमी जागा होत नसेल तर ईएससी आणि रिसीव्हरही पुढे घ्या, मग उरलेल्या एखाद-दोन मिमीसाठी वजन लावा. आणि बॅटरी वेल्क्रोच्या पट्ट्याने घट्ट बांधा. वेल्क्रो फक्त तळाला चिकटवलेला असला तर धक्क्याने ती मागे सरकते आणि सीजी पुन्हा बिघडतो.

मोटरचा कोनही पाहून घ्या. हाय-विंगला थ्रॉटल वाढवला की नाक आपोआप वर येतं, म्हणून मोटरचं तोंड २-३ अंश खाली आणि २ अंश उजवीकडे हवं. मोटरमाउंटच्या मागे, वरच्या बाजूच्या स्क्रूंखाली १ मिमीचा वॉशर घातला की खालचा साधारण २ अंशांचा कोन मिळतो. उजवीकडचा हवा असेल तर मागून पाहताना डावीकडच्या स्क्रूखाली वॉशर.

तडा गेलेल्या नाकाबद्दल: थर्माकोलचं असेल तर फेविक्विक लावू नका, ते फोम खातं. ईपीओ (लवचिक फोम) असेल तर चालतं, पण तुटलेल्या जागी गरम गोंद जास्त टिकाऊ. सांधा झाल्यावर वरून आडवी फायबर टेप लावा, नुसती पारदर्शक टेप आघाताला ताणते आणि सुटते.

तारवाला

पुन्हा फेकण्याआधी इलेक्ट्रॉनिक्सची तपासणी करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि प्रॉप काढूनच करायचं.

आधी दिशा. विमानाच्या मागे, शेपटीकडे तोंड करून उभे राहा. स्टिक उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. स्टिक तुमच्याकडे ओढा: एलिव्हेटर वर. रडर (शेपटीची उभी फळी) उजवीकडे: मागून पाहताना उजवीकडे. यातलं एक जरी उलटं असलं तर रिमोटमध्ये रिव्हर्स करा. पहिल्याच उड्डाणात पडणाऱ्या विमानांत एलेरॉन उलटं असणं हे फार जुनं कारण आहे. जमिनीवर नाक तुमच्याकडे करून तपासलं की डावं-उजवं फसतं, म्हणून मागूनच.

मग फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला तर काय करायचं ते. आय६ मध्ये सिस्टिम, आरएक्स सेटअप, फेलसेफ अशी वाट आहे. चॅनल ३ ऑन करा, थ्रॉटल स्टिक तळाला ठेवून उणे १०० टक्के साठवा. मग थ्रॉटल थोडा वर ठेवून रिमोट बंद करा. मोटर थांबली नाही तर उडवू नका.

ईएससी कॅलिब्रेट केला नसेल तर: थ्रॉटल पूर्ण वर, रिमोट चालू, मग बॅटरी जोडा, बीप ऐकून थ्रॉटल लगेच तळाला. नाहीतर अर्ध्या स्टिकपर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम उसळी येते.

प्रॉपवरचे आकडे पुढच्या दिशेला दिसले पाहिजेत. उलटा बसवला तरी तो हवा मागे फेकतो, फक्त जोर खूपच कमी. मोटर उलटी फिरत असेल तर तिन्हीतल्या कोणत्याही दोन तारा बदला.

सर्व्हो: कोणी गुं-गुं आवाज करत राहतो का ते ऐका. राहत असेल तर पुशरॉड (सर्व्होपासून फळीपर्यंतची तार) कुठेतरी अडतोय. अडलेला सर्व्हो सतत करंट ओढतो, ईएससीतल्या ५ व्होल्टवर ताण येतो आणि रिसीव्हर हवेतच बंद पडू शकतो. एलेरॉन आणि एलिव्हेटरची हालचाल दोन्ही बाजूंना १० मिमी ठेवा, रडर २० मिमी, एक्स्पो (मधल्या जागी स्टिक मवाळ करणारी सेटिंग) ३० टक्के. हालचाल जास्त वाटली तर सर्व्होच्या आर्मवर आतलं भोक वापरा आणि फळीवरच्या हॉर्नवर बाहेरचं.

माळरान

जायरोबद्दल माझं मत वेगळं असेल, पण सांगतो. पहिल्या दहा उड्डाणांत नको. सीजी चुकीचा असला तर जायरो ते काही वेळ झाकतो आणि चूक कळतच नाही. आणि उलटा बसवला तर विमान फेकल्या क्षणी गेलं. लावलाच तर एवढं तपासा: हातात धरून उजवा पंख खाली वाकवला की उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे, म्हणजे तो पंख वर उचलायचा प्रयत्न.

फोमपंख

वाऱ्यात मात्र जायरोने नवशिक्याची खरी मदत होते, मी त्याला सरसकट नाही म्हणणार नाही. पण सीजी आणि दिशा ठीक झाल्यावरच.

उडवण्याचं थोडक्यात. उन्हं चढायच्या आत, ताशी १० किमीपेक्षा कमी वारा, समोर १०० मीटर मोकळं मैदान आणि बाजूला उसाचं शेत नसलेली जागा. उसात पडलेलं पांढरं विमानही हाताच्या अंतरावरून दिसत नाही. संक्रांतीच्या आसपास मांजा उडत असतो, तेव्हा टाळा. घारी घिरट्या घालत असतील तर वाट बघा, त्या विमानावर झडप घालतात.

उड्डाणानंतर ४० मीटर उंची होईपर्यंत वळू नका. तिथे थ्रॉटल निम्म्यावर आणा, ट्रिम जुळवा: स्टिक सोडल्यावर सरळ जावं. विमान तुमच्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं भासतं. तेव्हा एकच करा, खाली झुकलेल्या पंखाच्या दिशेला स्टिक ढकला, जणू त्याला खालून टेका देताय. थ्रॉटल उंचीसाठी, एलिव्हेटर वेगासाठी, हे अंगठ्यात बसायला वेळ लागतो. उतरताना एलिव्हेटर ओढून विमान लांबवायचा मोह होतो, तसं करू नका. वेग संपला की पंख पडतो. अगदी गवताजवळ, हातभर उंचीवर थोडं ओढा. याचा सराव आधी पिकासिमसारख्या मोफत सिम्युलेटरवर करा, आय६ केबलने जोडता येतो.

टायमर पहिल्यांदा ६ मिनिटं. नंतर चार्जर किती एमएएच परत भरतो ते बघा. १००० भरले तर मिनिटाला साधारण १६७ गेले. ८० टक्के म्हणजे १७६० वापरायचे, म्हणून हद्द साडेदहा मिनिटं. चार्जिंग २.२ अँपिअरने, फरशीवर, समोर बसून. घरी ठेवायची तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर. फुगलेली लायपो पुन्हा लावू नका.

तारवाला

परवानगीचं मी सांगतो. ड्रोन नियम २०२१ मध्ये रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांचाही समावेश आहे. व्यावसायिक वापर नसेल तर २ किलोपर्यंत पायलट प्रमाणपत्र लागत नाही. जागा मात्र डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरच्या नकाशावर पाहूनच निवडा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे आणि खडकवासल्याला एनडीए आहे, त्यामुळे पुण्यात हिरवा रंग गृहीत धरू नका. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटवरच्या विमानांवर मनाई आदेश काढतात, तिथे कधी गेलात तर त्या दिवशीचा आदेश बघा.

नवा_पायलट

बॅटरी ११ सेमी पुढे घेतली, सीजी ४९ वर आला. वॉशरही लावले. दिशा मागून तपासल्या: एलेरॉन बरोबर होतं, पण रडर उलटं निघालं. फेलसेफ साठवला, प्रॉपही बदललाय. नकाशा बघून जागा ठरवली की रविवारी सकाळी फेकायला एकाला सोबत नेतो.

माळरान

रविवारी निघण्याआधी प्रत्येक क्लेव्हिसवर (पुशरॉडच्या टोकाची चिमटी) सिलिकॉन ट्यूबची छोटी रिंग बसवा, आघाताने ते उघडतात. आणि दोन जादा प्रॉप सोबत घ्या.