लिलावातलं घर: स्वस्तात मस्त की विकतचं दुखणं?

शेवटी_चावी_मिळाली:
एका गटात फिरत आलेली पोस्ट: ‘बँकेच्या लिलावातलं घर म्हणजे कोर्टाचा शिक्का, टायटल स्वच्छ, भाव कमी. डोळे मिटून घ्या.’ डोळे मिटूनच घेतलं होतं आम्ही. जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ असे दोन शब्द होते. म्हणजे बँकेने दारावर नोटीस डकवली होती आणि आत कर्जदाराचं कुटुंब मजेत राहत होतं. 25 टक्के दुसऱ्या दिवसापर्यंत भरले, बाकीचे मुदतीत. विक्री प्रमाणपत्र मिळालं. चावी? 19 महिन्यांनी! तोवर घरभाडं आणि नव्या कर्जाचा हप्ता, दोन्ही सुरू.

दरखास्तीतला_जुना:
ताई, त्रास झाला हे मान्य, पण यात कोर्टाचा शिक्का आला कुठून? बँका असे लिलाव करतात तो सरफेसी कायदा 2002 मध्ये आणलाच मुळी कोर्टाची पायरी न चढता वसुली व्हावी म्हणून. प्रत्यक्ष ताब्यासाठी तेवढा कलम 14 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. खरी कोर्टविक्री म्हणजे हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे कोर्टाच्या निकालाची अंमलबजावणी, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 21. जप्ती, जाहीरनामा, पुकारा, बोली सुटली की 25 टक्के जागेवर आणि उरलेले 15 दिवसांत. चुकलात की फेरलिलाव. सगळं भरूनही 60 दिवस जीव टांगणीला, कारण ऋणकोने, म्हणजे ज्याचं घर विकलं त्या देणेकऱ्याने, तेवढ्यात हुकूमनाम्याची रक्कम आणि तुमच्या बोलीचे 5 टक्के भरून अर्ज केला की विक्री रद्द. तुमचे पैसे परत, वर ते 5 टक्के. आमच्याकडे एक गृहस्थ तेवढ्यावरच खूश होऊन पेढे वाटून गेले होते.

हप्ता_पाच_तारखेला:
मुळात कर्ज थकवणाऱ्यांचे एवढे लाड कशाला? 90 दिवस हप्ता नाही तेव्हा खातं एनपीए, म्हणजे बुडीताकडे गेलेलं. मग 60 दिवसांची मागणी नोटीस, विक्रीआधी आणखी 30 दिवसांची, शिवाय डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, दाद मागायला 45 दिवस. आम्ही पोटाला चिमटा काढून भरतो आणि यांना नुसत्या मुदती!

लिलाव_झालेला:
‘मजेत’ म्हणे. वडील भागीदारासाठी घर तारण ठेवून जामीन राहिले. त्या कर्जातला एक पैसा आमच्या घरात आला नाही. जाहिरात छापून आली ती नाव-पत्त्यासकट, आणि शेजारी कात्रण घेऊन दारात, ‘हे तुमचंच का?’ पोटाला चिमटा काढणाऱ्यांनी कधी कुणासाठी सही केलीये?

हप्ता_पाच_तारखेला:
सही करण्याआधी वाचायचं असतं.

लिलाव_झालेला:
तुमच्यावर पाळी न येवो, एवढंच म्हणतो.

सचिव_नाइलाजाने:
तुमचं चालू द्या, पण सोसायटीने काय करायचं? कर्जदार 4 वर्षं मेंटेनन्स देत नाही, बँक हात वर करते, घेणारा म्हणतो मला कुणी सांगितलंच नाही. ‘जसे आहे जेथे आहे’, म्हणजे आहे त्या अवस्थेत, थकबाकीसकट घ्या, हे जाहिरातीत शोभेला छापतात का?

शेवटी_चावी_मिळाली:
आलात का! आमच्या सचिवांनी व्याजावर व्याज लावलं, वर हस्तांतर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नावावर करायचे सोसायटीचे पैसे, म्हणून लाखभर मागितले. महाराष्ट्रात 25,000 ची मर्यादा आहे म्हटल्यावर त्याचंच नाव ‘ऐच्छिक देणगी’ झालं.

सचिव_नाइलाजाने:
म्हणजे सगळे सचिव चोर, ठरलंच. रात्री 2 वाजता पंप बंद पडला की खाली कोण उतरतं? या एकदा.

शेवटी_चावी_मिळाली:
पंपाचा काय संबंध?

सचिव_नाइलाजाने:
पंप विजेवर चालतो, वीज मेंटेनन्सवर. तुमच्या फ्लॅटचे 4 वर्षांचे पैसे बाकीच्यांनी भरले, तो संबंध.

हप्ता_पाच_तारखेला:
आणि ते बाकीचे म्हणजे माझ्यासारखे.

दरखास्तीतला_जुना:
विजेवरून आठवलं. जुन्या मालकाचं थकलेलं बिल भरल्याशिवाय लिलावात घेणाऱ्याला नवी जोडणी नाही, अशी अट नियमात असली तर ती चालते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलंय. म्हणून बोली लावण्याआधी सोसायटी आणि वीज कंपनी, दोन्हीकडे जाऊन थकबाकी विचारायची. आत कोण राहतंय ते दार वाजवून बघायचं.

लिलाव_झालेला:
आमचंही वाजवलं होतं एकाने. आईने चहा दिला. त्याने बोली लावली नाही.

हप्ता_पाच_तारखेला:
जामीनदाराची गोष्ट वेगळी, एवढं मानतो. बाकी माझं मत तेच.

शेवटी_चावी_मिळाली:
‘मजेत’ मागे घेते. आणि सचिवसाहेब, मूळ थकबाकी द्यायलाच हवी होती, कबूल. ‘ऐच्छिक’ देणगीची पावती मात्र अजून यायचीय.