शेती राज्याचा विषय, मग कांद्याची निर्यातबंदी दिल्लीतून कशी?

उन्हाळ_गावठी:
नमस्कार मंडळी, मुलीच्या पुस्तकात केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची असा धडा आहे आणि त्यात शेती सरळ राज्यसूचीत दिलीये. आम्ही निफाड तालुक्यातले, त्यामुळे पहिला कांदाच आठवला. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली तेव्हा लाल कांद्याचा हंगाम चालू होता, आणि लाल कांदा काही कांदाचाळीत टिकत नाही, भाव पडला तरी विकावाच लागतो. मग विषय राज्याचा असेल तर मुंबईचं सरकार नाही का म्हणत नाही? की अधिकार आहे पण वापरत नाहीत?

काळा_कोट:
शेती राज्याचीच, राज्यसूचीतली १४ वी नोंद. बाजार समितीपण राज्याची, २८ वी नोंद, त्यावरच आपला १९६३ चा बाजार समिती कायदा उभा आहे. पण तोच कांदा कंटेनरमध्ये भरून न्हावाशेवा बंदराला लागला की घटनेच्या नजरेत ती शेती राहत नाही, परदेशी व्यापार होतो, आणि तो केंद्रसूचीत ४१ ला आहे. बंदीची अधिसूचना डीजीएफटी (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) काढतं, १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली, राज्याची संमती लागतच नाही. ऑगस्ट २०२३ मधलं ४० टक्के निर्यात शुल्क वेगळं, ते अर्थ खात्याचं, नोंद ८३. तेव्हा राज्याने नाही म्हटलं तरी ते पत्र लिहिण्यापलीकडे जात नाही.

रांगडा७७:
निर्यातीचं कळलं साहेब, पण ऑक्टोबर २०२० ला साठ्यावर मर्यादा आणली होती त्याचं काय? घाऊकवाल्याला २५ टन, किरकोळवाल्याला २. तो माल तर देशातच होता ना! २५ टन म्हणजे मोठा एक ट्रक झाला, तेवढा माल खळ्यावर आला की व्यापारी पुढची बोली लावणार कशावर? लासलगावचे लिलाव तेव्हा बंद पडले होते. मर्यादा व्यापाऱ्यावर, पण ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा शेतकरी.

काळा_कोट:
हीच खरी मेख आहे. समवर्ती सूचीतली (म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात ती) नोंद ३३. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने तिच्यात खाद्यपदार्थ, तेलबिया, वैरण, कच्चा कापूस, ताग यांचा व्यापार, उत्पादन, पुरवठा सगळं आलं आणि पुढच्याच वर्षी जीवनावश्यक वस्तू कायदा आला, साठ्याची मर्यादा त्याखालीच. गंमत म्हणजे राज्यसूचीत २६ आणि २७ ला राज्यातला व्यापार आणि मालाचा पुरवठा दिलाय, पण तिथेच लिहून ठेवलंय की ३३ च्या अधीन राहून. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. २०२० च्या कृषी कायद्यांनाही केंद्राने याच ३३ चा आधार घेतला, विरोधात म्हणणं होतं की हे १४ आणि २८ वर अतिक्रमण आहे. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये स्थगिती दिली, नोव्हेंबरात कायदेच मागे घेतले, मग निकाल लागलाच नाही. मला विचाराल तर लागायला हवा होता, हा वाद परत येणार.

पाव्हणं_सोलापूर:
कलमं राहू द्या, हिशोब बघा. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चला भाव कोसळला (तेव्हा बंदी नव्हती बरं का), राज्याने काय केलं तर क्विंटलला ३५० रुपये अनुदान, तेही २०० क्विंटलपर्यंतच, आणि आपल्या तिजोरीतून. म्हणजे निर्यात चालू-बंद करायचं बटण दिल्लीत आणि शेतकरी रस्त्यावर आला की मोर्चा मंत्रालयावर. एप्रिल २०२४ मध्ये बंदी असताना गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २००० टन सूट मिळाली, आणि आपल्याकडे बोंब झाल्यावर ४ मेला बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. मतदानाचे टप्पे चालू होते तेव्हा. म्हणून म्हणतो, कांद्यासाठी आमदाराला घेराव घालून उपयोग नाही, खासदाराला धरा.

उन्हाळ_गावठी:
धन्यवाद सगळ्यांना, आता मुलीला समजावताना अडखळणार नाही. त्या ३५० च्या अनुदानाला सातबाऱ्यावर कांद्याची नोंद मागत होते आणि गावात कित्येकांची नव्हती, ते कुणाच्या यादीत?

काळा_कोट:
सातबारा शंभर टक्के राज्याचा. नोंद ४५. तिथे आमदारालाच धरा.