साताऱ्याहून कॅरॅव्हॅन: तलावावर गळ आणि वायनरीची भेट एकाच सहलीत साधेल का?

अजिंक्यतारा

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, थोरले बंधू आणि वहिनी, साताऱ्याहून कॅरॅव्हॅन घेऊन तीन मुक्कामांसाठी निघण्याच्या विचारात आहोत. गाडी पुण्याहून भाड्याने मिळत आहे. ती टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली असून चौघांच्या झोपण्याची सोय, छोटा ओटा, फ्रिज आणि शौचालय आतच आहे. बंधूंना पाण्याकाठी गळ टाकून बसण्याचा जुना नाद आहे, तर पत्नी आणि वहिनींना द्राक्षमळा पाहून वाईन कशी तयार होते हे समजून घ्यायचे आहे आणि अर्थातच चाखायचीही आहे.

पहिला विचार असा होता, की कास मार्गे बामणोलीला जाऊन कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी गाडी लावावी, आणि नंतर द्राक्षांचे माहेर म्हणून सांगली जिल्ह्यात उतरून पलूसचे वाईन पार्क पाहावे. तिथे जमले नाही तर थेट नाशिक गाठावे. हा बेत व्यवहार्य आहे का? मासेमारीसाठी परवाना कोणाकडून घ्यावा लागतो? आणि एवढी मोठी गाडी माझ्या साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मिरजकर

आपल्या बेतातील सांगलीच्या भागाविषयी लिहितो, कारण त्यात निराशा होण्याची शक्यता अधिक आहे. 2001 च्या राज्य द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिककडे विंचूर आणि आमच्याकडे पलूस येथे वाईन पार्क उभारण्यात आले हे खरे आहे. परंतु पलूसला पर्यटकांना फिरवून दाखवणारी, चाखण्याची दालने थाटलेली अशी संस्कृती रुजली नाही. 2008-09 च्या मंदीनंतर राज्यातील अनेक लहान वायनरींचे कंबरडे मोडले, आणि ज्या शेतकऱ्याला खाण्याच्या द्राक्षाला व बेदाण्याला बाजार आहे तो वाईनच्या वाणाकडे वळण्याचे कारणही उरले नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात मैलोन्‌मैल मांडव दिसतात, ते बहुतांशी थॉमसन सीडलेस, सोनाका, माणिक चमन अशा बिनबियांच्या वाणांचे. वाईनला लहान मण्यांची, जाड सालीची, बियांची द्राक्षे लागतात. तेव्हा द्राक्ष आहे म्हणून वाईन असेल, हे आमच्या जिल्ह्यापुरते गृहीत धरू नये.

तरीही सांगलीला यायचेच असेल, तर वाईनचा नाद सोडून मार्चमध्ये बेदाण्याची शेड पाहायला यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तोडलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणचट थर विरतो आणि आतले पाणी लवकर उडते. मग ते जाळीच्या एकावर एक मजल्यांवर पसरून सावलीत वाळवतात. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो. शेडच्या कडेला उभे राहिले की वरच्या मजल्यावरचा माल पिवळट हिरवा आणि चुरमुरत आलेला, तर खालचा अजून फुगीर, असा फरक डोळ्यांना दिसतो. पण हा वेगळ्या सहलीचा विषय झाला. फेब्रुवारीत निम्मा माल वेलीवरच असेल.

गळकरी

आपल्या बंधूंचा समानधर्मी म्हणून मासेमारीबद्दल लिहितो.

बामणोलीचा विचार मनातून काढून टाकावा. शिवसागरच्या काठाचा मोठा भाग कोयना अभयारण्यात येतो, आणि 2010 पासून कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालेला आहे. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू असल्याने हौस म्हणून गळ टाकणे हा गुन्हा ठरू शकतो. हद्द कुठे सुरू होते हे पाण्यावर कोणी रेघ ओढून दाखवत नाही. शिवाय कासवरून बामणोलीला उतरणारा रस्ता वळणावळणाचा आणि अरुंद आहे. समोरून एसटी आली तर एवढी गाडी मागे घ्यायची कोणी? बामणोलीहून वासोट्याला बोटीने जाणे हा स्वतंत्र आनंद आहे, पण त्याला कॅरॅव्हॅन लागत नाही. खुद्द कास तलावही नको, कारण तो सातारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आहे.

परवान्याविषयी सांगायचे तर, राज्यातील बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. म्हणून काठावर पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे त्या संस्थेच्या माणसाला किंवा नावाड्याला भेटून, आपण हौशी आहोत, जाळे टाकणार नाही, गळाने बसणार आहोत, असे सांगून परवानगी घेणे आणि ते जे शुल्क सांगतील ते देणे. त्यांच्या पोटाचा प्रश्न असतो. न विचारता बसलेल्या शहरी माणसाला उठवले जाते ते योग्यच आहे. धरणाच्या भिंतीजवळ आणि सांडव्याखाली कधीही बसू नये. तिथे सुरक्षेच्या कारणाने मनाई असते.

जागेसाठी माझी शिफारस उजनीची आहे. भीमेवरचा हा यशवंतसागर जलाशय साताऱ्याहून फलटण, बारामती करत भिगवणला गाठता येतो आणि रस्ते मोठ्या गाडीला सोयीचे आहेत. भिगवण, कुंभारगाव या बाजूला फेब्रुवारीत रोहित पक्षी असतात, त्यामुळे ज्यांना गळात रस नाही त्यांचीही सकाळ वाया जात नाही. चिलापी मुबलक आहे, आणि गांडूळ लावले की तिला फारसा विचार करावा लागत नाही. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी. त्यामुळे कणीक, शेंगपेंड आणि भाताचा कोंडा मळून केलेला गोळा लावताना तो किती खोल सोडायचा याचे उत्तर आपल्याला कोणता मासा हवा आहे त्यावर ठरते. गोळा इतका घट्ट मळावा की फेकताना सुटू नये आणि पाण्यात गेल्यावर हळूहळू विरत राहावा. माझ्या मते निम्मी मासेमारी त्या मळण्यात आहे. मरळ हवी असेल तर उथळ पाण्यातील पानवेलींच्या कडेला बसावे; ती कणकेकडे ढुंकूनही पाहत नाही. वेळ पहाटेपासून नऊपर्यंत. थंडी ओसरत असल्याने फेब्रुवारीच्या मध्यानंतर मासा जानेवारीपेक्षा बरा लागतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन वरून कोरडी, भेगाळलेली दिसते, पण खाली ओला काळा गाळ असतो. पाण्याला अगदी लागून गाडी उभी करण्याच्या मोहात चारचाकी आसापर्यंत रुतून, शेवटी गावातून ट्रॅक्टर आणलेला मी पाहिला आहे. गाडी मुरमाड, वहिवाटीच्या जागेतच ठेवावी आणि पाण्यापर्यंत पायी जावे. दुसरे म्हणजे, बोटीत बसलात तर जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय निघू नये. 2024 च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून याच जलाशयात सहा जणांचा मृत्यू झाला. फेब्रुवारीत वळीव नसतो, तरी उजनीचे पात्र इतके रुंद आहे की वारा सुटला की लाटा उठतात.

वाहनधारक

परवान्याबद्दल थोडक्यात सांगतो. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर एकूण 7500 किलो वजनापर्यंतची वाहने चालवता येतात, आणि या मर्यादेतील परिवहन संवर्गातील वाहनांनाही वेगळी नोंद लागत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला आहे. गाडीच्या नोंदणी पुस्तकावरील एकूण वजन मात्र स्वतः वाचून पाहावे. तरीही चालकासह गाडी घ्या, असा माझा आग्रह राहील, आणि त्याचे कारण वायनरी हे आहे. चाखण्याच्या नावाखाली घोट घोट करत पाच-सहा प्रकार होतात, आणि कायद्याची मर्यादा 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलिग्रॅम एवढीच आहे. आणखी एक: छतावर वातानुकूलन यंत्र असलेल्या गाडीची उंची मोजून ती काचेवर चिकटवून ठेवा. गावांच्या वेशीवरील कमानी आणि लोंबणाऱ्या विजेच्या तारा नकाशात दिसत नाहीत.

नीराकाठ

गळकरी यांनी उजनी सुचवली हे फार बरे झाले, कारण वायनरीचा प्रश्नही त्याच दिशेला सुटतो. नाशिकला जाऊ नये असे मी म्हणणार नाही. गंगापूर धरणाच्या परिसरातील सुला आणि तिच्या आसपासच्या वायनरी पाहुण्यांना सरावलेल्या आहेत. पण साताऱ्याहून ते अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक आहे आणि तीन मुक्कामांतील बराच वेळ महामार्गावरच जाईल. त्याऐवजी सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातील मोटेवाडी येथे फ्रातेल्ली वायनरीचे मळे आहेत, ते पाहावेत. इटालियन आणि भारतीय भागीदारीतून उभी राहिलेली ही वायनरी आहे आणि तस्कनीचा सांजिओवेसे हा वाण त्यांनी आपल्या माळरानावर लावून दाखवला आहे. आधी दूरध्वनी करून वेळ घेतल्याशिवाय मात्र जाऊ नये, आणि गाडी आवारात रात्रभर उभी करता येईल का हेही त्याच वेळी विचारावे. साताऱ्याहून वाठार स्टेशन, फलटण, नातेपुते असे आले की पालखी मार्गाचा रुंद रस्ता मिळतो.

फेब्रुवारी हा महिना आपण योग्य निवडला आहे. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि त्यामुळे वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च या काळात येते. म्हणजे आपल्याला रिकाम्या टाक्या नव्हे, चालू कारखाना पाहायला मिळेल. पत्नी व वहिनींना सांगा, की लाल वाईनच्या टाकीजवळ थोडे थांबावे. साली रसाबरोबरच आंबत असतात आणि वायूमुळे वर येऊन त्यांचा जाड थर धरतो. तो दिवसातून अनेकदा खालचाच रस वर फिरवून भिजवावा लागतो, नाहीतर रंगही उतरत नाही आणि वरचा थर बिघडतो. पांढऱ्या वाईनला साल आधीच वेगळी करून रस थंड ठेवतात. हा फरक वास घेऊनच कळतो, पुस्तकातून नाही.

दिवसाची आखणी अशी करावी, की सकाळ पाण्याची आणि दुपार वाईनची, पण दोन्ही एकाच दिवशी नकोत. पहिल्या दिवशी साताऱ्याहून निघून दुपारी वायनरी, आणि मुक्काम तिथेच किंवा अकलूजला एखाद्या लॉजच्या मोठ्या आवारात. चाखून झाल्यावर गाडी हलवायची नाही, हा नियम ठेवला की बाकीचे आपोआप जमते. दुसऱ्या दिवशी सावकाश इंदापूरमार्गे भिगवण, तिसऱ्या दिवसाची पहाट बंधूंच्या स्वाधीन. अंधारात प्रवास अजिबात नको. फेब्रुवारीत कारखान्यांचे गाळप जोरात असते आणि उसाने ठासून भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, रस्त्याच्या मधोमध चाललेल्या असतात.

चाखण्याविषयी एक आगाऊ सूचना. जेवणात कांदा-लसूण मसाल्याचा झणझणीत रस्सा असेल तर वाईन त्याआधीच घ्यावी, नंतर जिभेला काही कळत नाही. उजनीची चिलापी नुसते मीठ, हळद आणि लिंबू लावून रव्यात तळली तर मात्र शेनिन ब्लाँ या थंड पांढऱ्या वाईनबरोबर उत्तम जाते. विकत घेतलेल्या बाटल्या गाडीत दुपारच्या उन्हात ठेवू नयेत. त्या फ्रिजमध्ये किंवा ओल्या गोणपाटात गुंडाळून बिछान्याखाली ठेवाव्यात. पावती आणि मद्य बाळगण्याचा परवाना जवळ असावा. वाईनसाठी किमान वय 21 आहे, तो प्रश्न आपल्याला नाहीच. फक्त 26 जानेवारीसारखा कोरडा दिवस मध्ये येत नाही ना, एवढे कोणताही महिना ठरवताना पाहावे.

अजिंक्यतारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बामणोली आणि पलूस दोन्ही रद्द केले. चालकासह गाडी ठरवली आणि मोटेवाडी, अकलूज, भिगवण हा मार्ग घरात मंजूर झाला. बंधूंनी शेंगपेंड आजच आणून ठेवली आहे. आता एकच शंका उरते: चौघांच्या वापरासाठी गाडीतील पाणी किती पुरेल, आणि शौचालयाची टाकी कुठे रिकामी करायची? गाडीवाला म्हणतो, की रानात कुठेही सोडून द्या, ते मनाला पटत नाही.

गळकरी

पटू नयेच. जलाशयाच्या काठी तर मुळीच नाही. तेच पाणी खालच्या गावांना जाते. टाकीचे माप गाडीवाल्याकडून लिहून घ्यावे आणि आंघोळ लॉजवर उरकावी, कारण सर्वात जास्त पाणी तिथेच जाते. शौचालय फक्त रात्री वापरावे, दिवसा पेट्रोल पंपावरचे किंवा हॉटेलचे. अकलूजला ज्या लॉजच्या आवारात गाडी लावाल, तिथे मुक्काम ठरवतानाच त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये टाकी रिकामी करू द्याल का, असे विचारून घ्यावे आणि त्याचे पैसे द्यावेत. परतताना दुसऱ्यांदा तीच सोय लागेल, म्हणून भिगवणलाही एका हॉटेलशी आधीच बोलून ठेवा. भांड्यांचे साबणाचे पाणीही बादलीत साठवून तिथेच टाकता येईल.