दोन टेम्पो सामान अन् सहा कूलर

कोठीवाला
परवा वस्तीतल्या पोरांची पोस्ट वाचली. "वृद्धाश्रमासाठी दोन टेम्पो साहित्य जमलं, नागपूरकरांचं मन मोठं!" खाली फोटो. साड्यांचे गठ्ठे, बुंदीचे डबे, सहा कूलर, आणि मधोमध एका आजींच्या हातात बिस्किटाचा पुडा देताना सात जण. पुडा एक, हात चौदा.

बँकेतून रिटायर झाल्यापासून मी त्याच आश्रमाची कोठी सांभाळतो. तुमचा टेम्पो वळून गेल्यावर काय होतं, ते ऐका. गेल्या दिवाळीच्या साड्या अजून कपाटात आहेत. बहुतेक आज्या गाऊनवर असतात, कारण साडी नेसवायला माणूस लागतं आणि रात्री तीनदा कपडे बदलायची पाळी आली की साडी जमत नाही. यंदाच्या एका पिशवीत टिकल्यांचा घागरा निघाला. गोडाचं म्हणाल तर निम्म्यांना शुगर. वाढदिवसाचं जेवण द्यायला रविवारसाठी तीन-तीन फोन येतात. मंगळवारी नागपुरात कोणी जन्मालाच येत नाही. औषधांची पानं अशी कापलेली, की नेमका तारखेचा तुकडा गायब.

लागतं काय? मोठ्यांचे डायपर, तेही एल आणि एक्सएल. फिनाईल. तूरडाळ. आणि रात्रपाळीच्या मावशीचा पगार. तो टेम्पोत चढवता येत नाही, म्हणून कोणी देत नाही. आधी फोन करून विचारत जा, जमलं तर महिन्याला पाचशे रुपये बांधून द्या.

टेम्पोतला_पोट्टा
काका, फोटोत डावीकडून तिसरा मीच. भर उन्हात दुपट्टा बांधून आठ दिवस दारोदार फिरलो आम्ही. पैसे मागितले की लोक विचारते, कोणत्या पार्टीचे बे तुम्ही? पावतीबुक कुठाय? तेच डाळ मागितली की मावशी आत जाऊन दोन किलो काढून आणते. लोकायचा पैशावर भरोसा नाही, डाळीवर आहे. त्याले आम्ही काय करू? अन् फोटो टाकला नाही तर पुढच्या खेपेले म्हणते, मागचं सामान कुठं गेलं?

कलम_कसाई
पैसे मागितले नाहीत तेच बरं झालं. नोंदणीकृत संस्था नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. गणपती मंडळं काढतात तीच. आणि देणाऱ्यांनीही ऐका : देणगीवरची इनकम टॅक्सची सवलत वस्तूंवर मिळत नाही. रोख २,००० च्या वर दिले तरी मिळत नाही. आश्रमाच्या खात्यातच भरा.

टेम्पोतला_पोट्टा
वकीलसाहेब, आम्ही सातही जण मिळून इनकम टॅक्सच्या लायनीत बसत नाही.

धरमपेठकर
बाकी चालू द्या, पण कूलर दिले त्यात काय चुकलं? मेअखेरच्या नवतप्यात ४५ च्या वर पारा जातो, म्हाताऱ्यांनी काय भाजून निघायचं?

कोठीवाला
कूलर दिले, पाणी कोण भरणार? टाकी दिवसातून दोनदा रिकामी होते. सहा कूलर, एक मावशी, एक बादली. चौथ्या दिवशी दोन कोरडेच फिरत होते, लू फेकत. एकाच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या. अर्थिंग नाही. तो मी स्वतः प्लग काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

कूलरमिस्त्री_इतवारी
खोलीच्या आत ठेवले असतील. आत ठेवून कूलर होते का काका? तीच दमट हवा गोल फिरते. खिडकीबाहेर बसवा, समोरचं दार उघडं ठेवा. अन् जाळीतलं वुडवूल, ते लाकडाच्या काड्यांचं गवत, बदललं का?

धरमपेठकर
वुडवूल कोण वापरतं आता? हनीकोंब लावा, ते पुठ्ठ्याचं जाळीदार पॅड, चार-पाच वर्षं बघायला नको.

कूलरमिस्त्री_इतवारी
बोअरचं पाणी असलं की दुसऱ्या उन्हाळ्यात तुमच्या हनीकोंबचा दगड होते. मी रोज खरवडतो. वुडवूल स्वस्त, दरवर्षी नवं. माहीत नसलं तर बोलू नये.

धरमपेठकर
धंदा तुमचा दरवर्षी बदलण्यावर चालतो, म्हणून वुडवूल!

खसवाला
दोघंही गप्प बसा. खस. विषय संपला.

मनीषनगर_४०२
आणि पावसाळ्यात? जुलैमध्ये कूलरच्या तळाला चार बोटं पाणी राहिलं, आमच्या घरी दोघांना डेंग्यू. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायला सांगून सांगून थकले. सरळ एसी द्या.

कूलरमिस्त्री_इतवारी
बिल तुम्ही भरा मग. आहे तयारी?

जुना_महालकर
कूलर, डायपर काय घेऊन बसले! पोरं आईबापांना तिथं टाकतातच कशी, ते बोला. आईबापांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. एसडीओकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करा, पोरांकडून महिन्याला १०,००० पर्यंत वसूल होतात. पुण्याला फ्लॅट घ्यायला पैसे आहेत यांच्याकडे.

रातपाळी
मी टाकलंय. पुण्याला नाही, इथंच राहते, भाड्याच्या घरात. आईला विस्मरणाचा आजार. मी ड्यूटीवर असताना तिनं दोनदा गॅस सुरू ठेवला. तिसऱ्यांदा रात्री दोनला पेट्रोलपंपावरच्या पोरानं फोन केला, आजी इथं उभ्या आहेत, पायात चप्पल नाही. या काका घरी, बसा तिच्याजवळ एक रात्र, मग अर्जाचं बघू.

आणि कोठीवाले काका, साड्यांचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर असेल. पण गेल्या वर्षी अशाच गठ्ठ्यातून आईला एक जांभळी इरकली मिळाली. नेसत नाही. घडी करून उशाशी ठेवते, सकाळी परत घडी मोडते, परत घालते. तासभर त्यात जातो. तेवढा तास ती शांत असते.

जुना_महालकर
तुमच्याबद्दल नव्हतं म्हणत मी. काही अपवाद असतात.

कोठीवाला
ताई, एक साडी मान्य. उरलेल्या १३९ चं काय करू?

रातपाळी
अजून चार-पाच आज्यांना देऊन बघा ना. नेसायला नका देऊ, घडी घालायला द्या.

कोठीवाला
बघतो. घागरा सोडून.

टेम्पोतला_पोट्टा
काका, डायपर कोणत्या साइजचे किती, तेवढं टाका. या खेपेले तेच मागतो. दारात उभं राहून डायपर मागायची लाज वाटते, पण मागतो. फोटो मात्र काढणार.

कोठीवाला
डायपरचा काढा. आजींचा नको.

कूलरमिस्त्री_इतवारी
मी रविवारी येऊन सहाही कूलर खिडकीबाहेर बसवून देतो, अर्थिंगही करतो. मजुरी नको. पण हनीकोंब लावणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

कोठीवाला
रविवारी नका येऊ भाऊ. रविवारी तिघांचे वाढदिवस आहेत. मंगळवारी या.