मदत हवी आहे: दोघी बहिणी हिमोफिलियाच्या कॅरियर, मग फॅक्टर एट माझं ३१ आणि ताईचं ८८ कसं?

नमस्कार मंडळी, इथे कुणी जेनेटिक्सवाले किंवा रक्ताच्या आजारांचे डॉक्टर असतील तर प्लीज वाचा, थोडं लांबलंय.

माझ्या बाबांना हिमोफिलिया ए होता, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर एट हे प्रथिन कमी असण्याचा आनुवंशिक आजार. बाबांकडे एकच एक्स (गुणसूत्र), आजाराचा सदोष जीन त्यावरच, तोच एक्स आम्हा दोघींना आला, म्हणजे दोघी कॅरियर, तो जीन बाळगणाऱ्या, असणारच. पण लहानपणापासून ऐकलंय की मुलींना काही होत नाही, त्यांच्याकडे दुसरा चांगला एक्स असतो. पाळीत आठ आठ दिवस जायचे, रात्री दोनदा उठून पॅड बदलायचं, तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मागच्या महिन्यात अक्कलदाढ काढली, संध्याकाळी रक्त थांबलं असं वाटलं आणि पहाटे बघते तर उशीचा अभ्रा लाल, तोंडात काळपट गुठळी. मग टेस्ट केली, फॅक्टर एट ३१ टक्के. नॉर्मल साधारण ५० ते १५०. ताईचं ८८ आलं!

तेव्हापासून वाचत सुटलेय. मला समजलं ते असं, की गर्भ काही दिवसांचा असतानाच प्रत्येक पेशी दोनातला एक एक्स बंद करते, कुठला ते नशिबावर, एक्सआयएसटी जीनमधून निघणारा आरएनए त्या एक्सला गुंडाळून टाकतो आणि पुढे त्या पेशीची सगळी पिलावळ तोच एक्स बंद ठेवते. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरिणींच्या अंगावरच्या ठिगळांवरून हे मांडलं. आमच्या सोसायटीतल्या तीनरंगी मांजरीचंही तेच, केशरी ठिगळात एक एक्स चालू आणि काळ्यात दुसरा. किती वर्षं तिला दूध घालतेय, आणि माझ्या आतही तसंच आहे हे आत्ता कळतंय.

म्हणजे फॅक्टर एट बनवणाऱ्या माझ्या यकृतातल्या पेशींत बाबांचा एक्स जास्त ठिकाणी चालू राहिला आणि ताईच्यात कमी, असंच ना? की रक्तगटाचाही भाग आहे, कारण ओ गटाच्या लोकांत फॅक्टर एट मुळातच कमी असतं म्हणे, माझा ओ आणि ताईचा बी.

आता खरी काळजी लेकीची. ९ वर्षांची आहे, टॉन्सिल्सचं ऑपरेशन ठरलंय. एका डॉक्टरांनी सांगितलं जीन टेस्ट करा, कॅरियर नसेल तर प्रश्नच मिटला. पण कॅरियर निघाली तर लेव्हल किती ते त्यातून कळणार नाही ना, ते वेगळंच तपासावं लागेल, म्हणून मी आधी फॅक्टर लेव्हल करून घेणारे. मला एवढंच सांगा, माझ्यात चुकीचा एक्स जास्त चालू राहिला म्हणून तिच्यातही तसंच होण्याची शक्यता जास्त असते का, की तिच्या वेळी पुन्हा नव्याने चिठ्ठ्या पडतात? आणि कुठला एक्स किती बंद आहे ते बघायची टेस्ट रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर करतात, फॅक्टर तर यकृतात बनतं, मग त्या रिपोर्टवर कितपत विसंबायचं? सुई बघून ती खूप रडते, रडारडीत लेव्हल खोटी वर दिसते असं ऐकलंय, तर किती दिवसांनी परत करावी?