अनुभव धागा : होलोकॉस्टमधले (नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातले) घरगुती फोटो कसे ओळखायचे, कसे जपायचे?

शाईदौत
वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयातला एशिशोक गावच्या (आज लिथुआनियात) फोटोंचा मनोरा आज पुन्हा पाहण्यात आला. लग्नं, सहली, शाळेचे गट. सप्टेंबर १९४१ मध्ये त्या गावचे जवळपास सगळे ज्यू दोन दिवसांत मारले गेले. मूळच्या तिथल्याच इतिहासकार याफा एलियाख यांनी जगभर विखुरलेल्या कुटुंबांकडून हे फोटो मिळवले. अशा फोटोंचं काम जाणणाऱ्यांनी लिहा.

कागदवेडी
आधी मागची बाजू स्कॅन करा! स्टुडिओचा शिक्का, गाव, यिद्दिशमधली (तिथल्या ज्यूंची भाषा) ओळ, सगळं तिथेच असतं. ६०० डीपीआय (इंचाला ठिपके), टिफ फाइल. पासपोर्टएवढा असेल तर १२००. पेन्सिल पुसट झाली असेल तर दिवा कडेने तिरका धरा, दाबलेली अक्षरं उठून दिसतात.

रीळ३६
+१. जुन्या अल्बमच्या काळ्या पानांवरून फोटो उपटू नका. मागचं अक्षर गोंदासकट पानालाच राहतं. अख्खं पान स्कॅन करा, म्हणजे कोण कोणाशेजारी लावलंय तेही टिकतं. युद्धानंतर चिकट पानांच्या अल्बममध्ये हलवलेले असतील तर बिनमेणाचा डेंटल फ्लॉस खालून हळूहळू सरकवायचा. अडला की थांबा.

गावकूस
कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीतले फोटो इथे चालतील का?

शाईदौत
@गावकूस, तिथे बहुतेक पोलिश कॅथलिक कुटुंबं होती, सोव्हिएत हद्दपारीतून आलेली. वेगळा धागा काढा ना, नक्की वाचू.

डार्करूम
डावा कान मुद्दाम दाखवलेला चेहरा दिसला तर जर्मन ओळखपत्राचा फोटो असू शकतो. १९३८ पासून तसा नियम होता. कोपऱ्यात शिक्क्याची कमान शोधा. ती कापून 'स्वच्छ' करू नका, तोच पुरावा.
निगेटिव्हबद्दल : छायाचित्रकार हेन्रिक रॉसने पोलंडमधल्या लोद्झच्या घेट्टोत (ज्यूंना कोंडलेली वस्ती) १९४४ मध्ये पुरलेल्या निगेटिव्ह १९४५ मध्ये उकरल्या, तोवर जवळपास निम्म्या ओलीने गेल्या होत्या. निगेटिव्हवरचा जिलेटिनचा थर फुगतो, कडेपासून सुटतो. ओल्या निगेटिव्ह एकमेकींवर वाळू देऊ नका, मग सुटत नाहीत.

कागदवेडी
नावं लागली की याद वाशेमच्या (जेरुसलेमचं होलोकॉस्ट स्मारक) साक्षपत्राला, म्हणजे मारल्या गेलेल्या एकेका माणसाच्या नोंदीच्या अर्जाला, फोटो जोडता येतो. जन्मगाव आणि आईचं माहेरचं आडनाव भराच, एकाच नावाची माणसं खूप निघतात. ऑशविट्झ-बिर्केनाऊच्या मृत्युछावणीत सापडलेल्या सुमारे २,४०० घरगुती फोटोंतले कितीतरी चेहरे अजून बिननावाचे आहेत.

रीळ३६
मागे लिहायचं तर मऊ पेन्सिल, कडेला, काचेवर ठेवून. बॉलपेनचा वळ पुढून उमटतो.

गावकूस
काढला वळिवड्याचा धागा. या तिकडे.