मैत्री क्लिनिक: वेगळी खोली हवी, की आहे तीच ओपीडी सुधारावी?

रानजाई
राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी 2014 मध्ये सुरू झाला, 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी. महाराष्ट्रात त्याची केंद्रं 'मैत्री' नावाने सरकारी रुग्णालयांत चालतात. माझं मत: वेगळी खोली सजवण्यापेक्षा तो पैसा आणि माणूस नेहमीच्या ओपीडीत लावा.

मुलगी खोलीपर्यंत पोचतच नाही, केसपेपरच्या खिडकीवरूनच गाडं अडतं. मागे रांगेत गावातलीच माणसं, आणि आतून प्रश्न येतो, "काय होतंय?" "अंगावरून पांढरं जातंय" असं तिथे कोण सांगेल? ती "डोकं दुखतंय" म्हणते आणि पॅरासिटामॉल घेऊन घरी जाते. त्यात जागा नाही म्हणून समुपदेशक आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, बसलेली असली, तर मग संपलंच. एचआयव्ही तपासणीच्या दारात मुलगी दिसली की संध्याकाळपर्यंत घरी निरोप पोचतो.

खिडकीवर फक्त नाव, वय, गाव विचारा, तक्रार आत. या वयाच्या प्रत्येकाशी, ताप असो की खरूज, पाच मिनिटं एकट्याशी बोला. सगळ्यांनाच आत घेतलं की एकीकडेच बोट दाखवायला कोणाला जागा उरत नाही.

कडूलिंब
खिडकीबद्दल शंभर टक्के सहमत, बाकी नाही. एक मेडिकल ऑफिसर आणि बाहेर भरलेला व्हरांडा, अशात ही पाच मिनिटं आठवड्याभरात रजिस्टरातली नुसती खूण होऊन बसतील. घर, शाळा, जेवण, मित्र, व्यसन, शरीरसंबंध, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, या क्रमाने बोलायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. घाईत शेवटचे दोन प्रश्न आधी आले की मूल तोंडच उघडत नाही. त्यासाठी दार लागणारी खोली आणि प्रशिक्षित समुपदेशक हवाच.

वेळेचं काय? सकाळची ओपीडी म्हणजे शाळा बुडवणं, आणि शाळा बुडवली की घरी कारण सांगणं आलं. आठवड्यातून दोन दिवस दुपारी तीननंतर, शेवटच्या एसटीच्या आत संपेल असं सत्र ठेवा. ओपीडीत हे जमत नाही.

रानजाई
@कडूलिंब, घरी सांगायला चालेल असं कारण आपल्या हातात आहे: हिमोग्लोबिन. एनएफएचएस-5 मध्ये, म्हणजे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींना रक्तक्षय होता, मुलग्यांत 31.1 टक्के. हिमोग्लोबिन बाराच्या खाली आलं (आठच्या खाली असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात) की निळ्या गोळ्या, 60 मिग्रॅ लोहाच्या, रोज दोन, तीन महिने. पहिल्याच दिवशी सांगा: शौचाला काळं होईल, घाबरू नकोस; जेवणानंतर घे, चहाबरोबर नको. हे सांगायचं राहतं, मुलगी चौथ्या दिवशी गोळ्या बंद करते आणि आई म्हणते, सरकारी गोळ्या बाधल्या.

आणि तिन्ही महिन्यांच्या गोळ्या एकदम देऊ नका. महिन्याच्याच द्या. "रक्त तपासायला बोलावलंय" यावर घरी कोणी हरकत घेत नाही, आणि खरी तक्रार बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच बाहेर येते.

उंबरठा
तुम्ही दोघं भिंतींवर बोलताय. मुलं विचारतात ते वेगळंच: "घरी सांगणार का?" अनेक ठिकाणी उत्तर मिळतं, "अजिबात नाही, सगळं गुप्त." असं वचन देऊच नये. अठराच्या आतल्या मुलीचा शरीरसंबंध कळला की पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 19 खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संमतीने असला तरी. वचन देऊन मग पोलिस आले, तर त्या गावातून पुन्हा एकही मूल येणार नाही.

बोलणं सुरू होण्याआधीच सांगा: "तुझं बोलणं इथेच राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, कोणी तुला त्रास देत असेल किंवा कायद्याने कळवावंच लागत असेल, तर मी आधी तुला सांगेन, मग पुढे."

कडूलिंब
@उंबरठा, मुद्दा मान्य, पण एक भर. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात म्हटलंय की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकाने विनंती केली, तर कलम 19 च्या माहितीत डॉक्टरने तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. हे बऱ्याच डॉक्टरांना ठाऊक नाही. भीतीपोटी मुलीला परत पाठवतात आणि ती गावठी औषधाकडे वळते. पालकाची संमती मात्र लागतेच, म्हणजे आईशी बोलायचं कसं हे मुलीबरोबर बसून ठरवावं लागतं. ते काम ओपीडीच्या टेबलावर होईल?

रानजाई
नाही होणार. त्या बैठकीला खोली हवी, मान्य. पण पाटी 'मैत्री' एवढीच लावा, आयसीटीसीपासून लांब, लसीकरणाच्या किंवा दातांच्या खोलीशेजारी. आणि रजिस्टर टेबलावर उघडं ठेवू नका. नाव-गाव एका वहीत, तक्रार दुसऱ्या वहीत नुसत्या नंबरावर, दुसरी वही कुलपात. शिपाई, आशाताई, पुढची मुलगी, टेबलावरची उघडी वही सगळेच वाचतात.